पाटावरची स्टेपनी

टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली की लोक मोटारी बघतात आणि मी टायर बघते. कोण पुढे, कोण मागे, याच्याशी मला नंतर कर्तव्य. आधी माझा डोळा चाकावर जातो. रबराची सालं निघायला लागली की मी खुर्चीच्या कडेला सरकते आणि शर्यत संपेपर्यंत तिथून हलत नाही. सून म्हणते, एवढी भीती वाटते तर बघता कशाला? तिचंही खरं आहे. पण दुखऱ्या दाताकडेच जीभ जाते, त्याला मी तरी काय करणार.

मला न आवडणारे ड्रायव्हर पुष्कळ आहेत. वळण नाकाशी येईस्तोवर ब्रेक न मारणारा आणि मग चारही टायर भाजून काढणारा मला आवडत नाही. शेजारच्याला ढकलत कडेच्या मातीत घालणारा आवडत नाही. हरला की टायरच्या नावानं बोटं मोडणारा तर मुळीच नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. या सगळ्यांना मी शिव्या घालते आणि सोडून देते. एकच जात अशी आहे की तिला शिव्या घालताना माझा आवाज कापतो. ती कुठली, हे सांगायचं तर इंदुरातल्या मल्हारगंजात, सासरी, माझ्या पहिल्या दसऱ्यापासून सुरुवात करायला हवी.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. माझे वडील संस्थानच्या मोटारखान्यात कारकून होते. मोटारीला त्यांनी कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. तिथे विलायतेहून मोटारींची मासिकं येत, ती जुनी झाली की रद्दीत जायच्या आधी वडील घरी आणत. माझं इंग्रजी त्या मासिकांवर झालं. बरोबरीच्या मुली भरतकामाचे नमुने उतरवून घेत तेव्हा मी परदेशातल्या शर्यतींची वर्णनं वाचत बसे. कोण कसा चालवतो, कुणाचा टायर कुठे फुटला, का फुटला, सगळं मला पाठ. शर्यतीत माणसं वेगानं कमी आणि टायरनं जास्त मरतात, हे माझं तेव्हापासूनचं मत. टायर फुटण्याआधी त्याच्या अंगाला फुगा येतो, तो चाकाबरोबर फिरताना थपथप वाजतो आणि तो आवाज ऐकू आला की थांबायचं, एवढं मला मोटारीत एकदाही न बसता ठाऊक झालं होतं.

मग संस्थान गेलं, मध्यभारत हे नवं राज्य झालं आणि लवकरच माझं लग्न झालं. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या फौजेतली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ह्यांचे आबा, रिसाल्यात होते. संस्थानच्या जुन्या गाड्या निकालात निघाल्या तेव्हा त्यांनी एक उघड्या टपाची मोटार घेतली. मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीत ती शिरत नसे, म्हणून गल्लीच्या तोंडाशी उभी असे आणि येणारी जाणारी म्हैस तिला अंग घासून जाई. ती चालवायचं काम ह्यांचं. हे सचिवालयात होते. तेव्हा राजधानीच फिरती होती, उन्हाळ्यात इंदुरात, थंडीत ग्वाल्हेरला. दसरा झाला की राजधानीच्या मागोमाग हे फायली घेऊन निघणार होते. त्यामुळे त्या पहिल्या वर्षी दसरा जवळ येऊ लागला तसं मला रडू येऊ लागलं होतं.

लग्नानंतर हे मला एकदाच मोटारीतून घेऊन गेले, सराफ्यापर्यंत. पहिल्याच वळणावर मला कळलं की मासिकात ज्या तऱ्हेच्या ड्रायव्हरला मी नाकं मुरडत आले, तसल्याच एकाच्या गळ्यात मी माळ घातली आहे. वळणाला हे आधी वेग घेत, मग अर्ध्या वळणात ब्रेक दाबत आणि मग स्टिअरिंग हिसकत. माणूस बोलायला मऊ, वागायला मऊ, पण स्टिअरिंग हातात आलं की अंगात कुणीतरी शिरल्यासारखा. बरोबर मामंजी बसले असले तर विचारूच नका. मामंजी एका शब्दानं काही म्हणत नसत. नुसते ताठ बसत. आणि ते ताठ बसले की हे आणखी जोरात चालवत.

मी बोलायची सोय नव्हती. आमच्या घरात सुनेनं वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, ही रीत होती. मामंजींसमोर मी ह्यांना चहाचा कप दिला तरी तो सासूबाईंच्या हातून जाई. आणि नवरा एकटा सापडायचा कधी, तर घर भरलेलं, सणाचे दिवस, वर कुणी ना कुणी पाहुणे. माहेरी मी चुरूचुरू बोलणारी. इथे माझी दातखीळ बसली होती.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा होई. पाटावर मामंजींची तलवार, तिच्या शेजारी खंजीर, जुना भाला. आणि मोटार आल्यापासून मोटारीची हत्यारंसुद्धा. जॅक, पाने, हवा भरायचा पंप ओळीनं मांडलेले आणि मधोमध, फुलांची माळ घालून, मोटारीची स्टेपनी, म्हणजे जादा चाक. ते चाक मी स्वतः ओल्या फडक्यानं पुसलं आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. एकदा पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं घरी येऊन देवाला वाहिल्याशिवाय उचलायचं नाही. पूर्वी त्या दिवशी तलवार लागलीच तर? असं मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या दिवशी देव राखतो.

आता दसऱ्याचं. पूर्वी मामंजी आणि त्यांच्या बरोबरीचे लोक सीमोल्लंघनाला घोड्यावर जात. मोटारी आल्यावर तेच मोटारीनं सुरू झालं. सिमरोल गावाजवळ आपट्याची झाडं होती. तिसऱ्या प्रहरी दोन-तीन मोटारी शहराबाहेर पडत, सिमरोलला आपट्याची पानं घेत आणि परत येत. शर्यत हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. सीमोल्लंघनाला जाऊन येतो, एवढंच. पण ज्याची मोटार आधी परत येई त्याचं सोनं राजवाड्यापाशी आधी लुटलं जाई आणि वर्षभर त्याची मान ताठ. मल्हारगंजातल्याच एका धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा आदल्या वर्षी पहिला आला होता आणि वर्षभर ह्यांना दिसेल तिथे विचारत होता, "क्या भिया, इस साल भी पीछे ही रहोगे?"

दसऱ्याला निघण्याआधी मोटारीची पूजा होती. नवी सून म्हणून चारही चाकांना हळदकुंकू लावायचा मान माझा. पुढची दोन झाली, मागचं उजवं झालं. मागच्या डाव्या चाकाला कुंकू लावायला बोट टेकवलं आणि बोट वर आलं. टायरच्या अंगाला गळू असावं तसा फुगा होता, लिंबाएवढा. मी परत हात फिरवला. रबर तिथे पातळ होतं आणि आतले धागे बोटाला लागत होते. हातातलं ताम्हण मी खाली ठेवलं.

हे समोरच उभे होते, पण शेजारी मामंजी आणि गल्लीतली दहा माणसं. मी पदर सावरून सासूबाईंपाशी गेले आणि हळूच सांगितलं, मागच्या डाव्या चाकाला फुगा आहे, गाडी नेऊ नका म्हणावं, नाहीतर ते चाक बदला तरी.

सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली जशी मी पूजेत शिंकलेच आहे. "अगं, आज गाडी म्हणजे देव. देवाला कुठे फोडा होतो?" त्या म्हणाल्या. "आणि चाक बदलायचं तर दुसरं पाटावर आहे. ते आज कोण उचलणार? शुभ बोल जरा."

वर त्यांनीच मला मोटारीत बसवलं. मोटारीत जागा असते, नव्या सुनेनं झाडाची पूजा करून स्वतःच्या हातानं सोनं आणलं तर घराला चांगलं, असं त्यांच्या मनात आलं. मला वाटलं, बरंच झालं. जे व्हायचं ते माझ्या डोळ्यांदेखत होईल. चाकांखाली लिंबं ठेवली होती, ती चिरडली गेली आणि आम्ही निघालो. हे चालवायला, शेजारी मामंजी, मागे डाव्या बाजूला मी, मांडीवर रिकामी टोपली. तो टायर बरोब्बर माझ्या खाली होता.

शहराच्या टोकाशी भंवरकुवा, त्याच्या पुढे तेव्हा शेतंच होती. सिमरोलला जाताना काही झालं नाही. आमच्या पुढे व्यापाऱ्याच्या मुलाची मोटार, तिची धूळ खात आम्ही. ह्यांना पुढे जायला वाव मिळाला नाही, म्हणून वेगही फार नव्हता. तरी मी सगळा वेळ डावा पाय उचलून धरला होता. पाय उचलल्यानं चाकावरचा भार कमी होत नाही हे मला समजत होतं, पण पाय खाली टेकवत नव्हता. झाडाची पूजा करताना माझं लक्ष त्या चाकाकडे, अक्षता झाडाऐवजी माझ्याच पायांवर पडल्या. मामंजींनी पानं तोडली. मी ती टोपलीत भरली, वरून फडकं टाकून दोन्ही बाजूंनी घट्ट गाठी मारल्या. तेवढ्यात हे मोटारीभोवती एक चक्कर मारू लागले. माझ्या मनात आलं, आता फुगा दिसेल. आता थांबतील. हे मागच्या डाव्या चाकापाशी क्षणभर थांबले, मामंजींकडे पाहिलं आणि जाऊन स्टिअरिंगशी बसले. मला वाटलं, नाही दिसला.

परत निघताना आम्ही पुढे होतो. मागून भोंगा वाजू लागला. ह्यांनी मोटार भरधाव सोडली.

अशी भीती मला नंतर बाळंतपणातही वाटली नाही. वारा इतका, की पदर तोंडात धरावा लागला. वळण आलं की हे आधी वेग घेणार, मग ब्रेक दाबणार, मग हिसका देणार. उजव्या वळणाच्या प्रत्येक हिसक्याला सगळा भार त्याच एका चाकावर. आणि मग बसायच्या गादीखालून तो आवाज सुरू झाला. थप्. थप्. थप्. आधी मला वाटलं, माझंच काळीज. हात छातीवर ठेवला. काळीज त्याच्या दुप्पट चाललं होतं.

मी समोरच्या दोन पाठींकडे पाहत होते. एक पाठ ताठ, दुसरी स्टिअरिंगवर वाकलेली. दोघांना ऐकूच कसं येत नाही? आवाज वाढत चालला तसा मला त्या दोघांचा राग येऊ लागला. वाटलं ओरडावं. तोंड उघडलंही. पण ओरडणार काय? ह्यांना काही म्हणणं रीतीत नाही. मामंजींना सांगावं की तुमचा मुलगा चुकतोय, तर ते त्याहून वाईट. आज हसू येतं. मरण मांडीखाली वाजतंय आणि मी शब्द जुळवतेय. पण अठरा वर्षांची होते मी आणि घरात येऊन चारच महिने झाले होते. मरणाची भीती मला वाटत होती आणि मामंजींचीही वाटत होती, आणि यातली जास्त कुठली ते मला खरोखर सांगता यायचं नाही.

पुढे रपटा होता. नाल्यावर दगड घालून केलेली फरशी, कठडा नाही, पावसाचं पाणी अजून खाली खळखळत होतं. तिकडे रस्ता उतरत जातो. मागची मोटार आता आमच्या बाजूला यायला बघत होती. रपट्यावर एकच मोटार मावते, म्हणजे हे आधी पोचायला बघणार. ह्यांनी वेग वाढवला. थपथप आता वेगळी ऐकू येईना, एकसारखी गुरगुर झाली.

मी मांडीवरची टोपली दोन्ही हातांनी उचलली आणि रस्त्यावर फेकून दिली.

मग मी पुढे वाकले आणि लग्नानंतर पहिल्यांदा मामंजींशी आपणहून बोलले. "मामंजी, सोनं सांडलं."

दसऱ्याचं सोनं वाटेत सांडून रिकाम्या हातानं घरी जाणं, ही गोष्ट त्या घरात बसणारी नव्हती. मामंजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी ह्यांच्या दंडावर हात ठेवला. "रोक गाडी. सोनं सांडलंय."

ह्यांनी ताबडतोब पेडलवरचा पाय काढला. इतक्या ताबडतोब, की मला नवल वाटलं. मागची मोटार भोंगा वाजवत पुढे गेली, रपट्यावरून पार झाली. आमचा वेग उतरत होता, उतरत होता, आणि चालत्या बैलगाडीपेक्षा थोडा जास्त उरला असेल तेव्हा टायर फुटला. बंदुकीचा बार झाला म्हणा. मोटार डावीकडे ओढली गेली, तिरकी झाली आणि रपट्याच्या तोंडाशी, मैलाच्या दगडाला टेकून उभी राहिली. दगडापलीकडे नाला होता. मी बसल्या जागेवरून वाकून पाहिलं आणि लगेच डोळे मिटून घेतले.

ह्यांचे हात स्टिअरिंगवरच होते. मग मामंजी उतरले, टायरच्या चिंध्या पाहिल्या आणि रस्त्यानं मागे चालू लागले. हेही उतरले आणि सवयीनं मोटारीच्या मागच्या बाजूला गेले. स्टेपनीची जागा रिकामी होती. ते त्या रिकाम्या जागेकडे पाहत उभे राहिले. स्टेपनी तेव्हा घरी पाटावर बसली होती, गळ्यात माळ घालून, शेजारी जॅक, पुढ्यात खिरीची वाटी.

मामंजी टोपली घेऊन परत आले. टोपली एका बाजूनं चेपली होती. वरचं फडकं मात्र मी बांधलं होतं तसंच होतं, दोन्ही गाठी जिथल्या तिथे. आत पान न्‌ पान शाबूत. मामंजींनी ती माझ्यासमोर धरली. एका गाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"सूनबाई, हे सांडलेलं नाही," ते म्हणाले.

मी खाली मान घातली. म्हटलं आता संपलं, माहेरी धाडतात.

"म्हणजे तुलाही ऐकू येत होता."

मला आधी फक्त शब्द ऐकू आले. मग त्यातलं 'तुलाही' ऐकू आलं. मी मान वर केली. मामंजी माझ्याकडे बघत नव्हते, ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ओठ हलत होते. हे हळूच म्हणाले, "मी फुगा सिमरोललाच पाहिला होता. मला वाटलं, आबा म्हणतील थांब."

मामंजी मैलाच्या दगडावर बसले. दगड मोटारीला टेकलेलाच होता, तरी तिथेच बसले. टोपली त्यांनी मांडीवर घेतली. "मी वाट पाहत होतो तू थांबायची," ते म्हणाले. "सणाच्या दिवशी, बायकोसमोर तुला काय टोकायचं."

म्हणजे तिघांनाही ऐकू येत होता. सबंध वाट. ज्या दोन पाठींना मी बहिऱ्या म्हणत होते, त्या दोन्ही माझ्याइतक्याच घाबरलेल्या होत्या. मुलगा बापाच्या मानाखातर थांबत नव्हता, बाप मुलाच्या मानाखातर बोलत नव्हता आणि मी दोघांच्या. मला खरी भीती तेव्हा वाटली. टायर फुटल्यावर वाटली नव्हती एवढी. उन्हात बसलेली मी, आणि दात वाजायला लागले. ह्यांनी अंगातला कोट काढला आणि बापासमोर, पहिल्यांदाच, माझ्या खांद्यावर घातला. मामंजी दुसरीकडे पाहू लागले.

आम्ही एका बैलगाडीतून अंधार पडता पडता घरी आलो. राजवाड्यापाशी कुणाचं सोनं आधी लुटलं गेलं हे आम्ही विचारलं नाही. सासूबाई आरती घेऊन दारात. त्यांना मामंजींनी एवढंच सांगितलं की चाक बसलं. पुढच्या वर्षी खंडेनवमीला सासूबाईंनी पाट मांडला आणि स्टेपनी मागितली, तेव्हा मामंजी म्हणाले, ती मोटारीतच राहील, तिथे जाऊन कुंकू लावा. मग घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मोटारीत बसल्यावर कुणी कुणाचा मान ठेवायचा नाही. दिसलं की बोलायचं." त्या घरात मला बोलायला मिळालेली पहिली जागा म्हणजे मोटारीची मागची सीट. मी तिचा पुरेपूर फायदा घेतला. ह्यांच्या प्रत्येक वळणाला मी मागून नावं ठेवली आणि वळण सुधारायचं सोडून हे हसत राहिले. गाडी नीट चालवणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. पण काही वाजलं की थांबत. गेले ते अंथरुणावर, म्हातारे होऊन.

तर ती जात ही. ज्याला आपला टायर गेलाय हे माहीत असतं आणि तरी जो चालवत राहतो. परवा अशीच एक शर्यत लागली होती. पुढे असलेल्याच्या टायरला फुगा आला होता. कॅमेऱ्यानं जवळून दाखवला, सगळ्या जगाला दिसला. त्याच्या कानात यंत्र असतं, बाजूला उभे राहून त्याची माणसं त्याच्याशी बोलू शकतात. कुणी बोलत नव्हतं. तोही विचारत नव्हता. दोन फेऱ्या उरल्या होत्या. मी खुर्चीच्या कडेला सरकले, डावा पाय उचलून धरला. शिवी घालायला तोंड उघडलं, पण आलं भलतंच. सून स्वयंपाकघरातून धावत आली, कुणाशी बोलताय म्हणून. मी टीव्हीतल्या त्या परक्या पोराला सांगत होते, थांब रे बाळा. थांब. कुणी काही म्हणणार नाही.